पलटणीतला खापरपणजोबा कागदावर कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर खेड तालुक्यातले. खापरपणजोबा 'कंपनीच्या पलटणीत सुभेदार होते, अफगाणला लढले, पेन्शन आणायला दापोलीला जायचे' असे घरात सांगतात. कागद एकही नाही. चांदीचे एक पदक आहे, त्याच्या कडेवर झिजलेली इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांची नोंद कुठे आणि कशी मिळेल?

बहुतेक लोक पहिल्या दिवशीच इंटरनेटवर नाव टाकून शोधतात आणि काही सापडले नाही की सोडून देतात. नावाने सुरुवात करू नका. मुंबई लष्करात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाक्याच्या फौजेत, लक्ष्मण, रामजी, बाबाजी, धोंडू शेकड्याने होते, आणि आडनाव लिहायची पद्धत सरसकट नव्हती. आधी पलटण ठरवा, मग पेन्शनीत निघाल्याचे साल, नाव शेवटी. हा क्रम उलटा केला तर अर्काइव्हजमध्ये महिनाभर बसूनही हाती काही लागत नाही.

तुमच्याकडे पदक आहे, म्हणजे निम्मे काम घरातच आहे. पण ते आमसुलाने, चिंचेने किंवा राखेने घासू नका. दर सणाला घासलेल्या पदकाची कड सगळ्यात आधी झिजते, आणि आपल्याला कडच हवी आहे. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून कडेचे सहा-सात फोटो काढा, प्रत्येक वेळी पदक थोडे फिरवून. तरी वाचता आले नाही तर पातळ ट्रेसिंग पेपर कडेवर गुंडाळून मऊ पेन्सिलीने हलके घासा. नुसत्या डोळ्याला न दिसणारी अक्षरे कागदावर उमटतात. कडेवर साधारणपणे अनुक्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण या क्रमाने मजकूर असतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. मुंबईच्या पलटणीतल्या साध्या शिपायाचा हुद्दा बरेचदा 'प्रायव्हेट' असा लिहिलेला असतो. ते पाहून 'हे पदक कोण्या गोऱ्याचे दिसते' असे समजून लोक ते बाजूला ठेवतात. नावाच्या पुढे 'बॉम्बे एन. आय.' किंवा 'बी. ओ. एन. आय.' अशी अक्षरे असतील तर माणूस मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचा.

आता पदक कोणते ते पाहा. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला कूच करणारे सैन्य, त्यात पाठीवर तोफ लादलेला हत्ती आणि १८७८-७९-८० ही साले असतील, तर ते दुसऱ्या अफगाण युद्धाचे. एका बाजूला किल्ल्याचे चित्र आणि गझनीचे नाव असेल तर ते १८३९ चे, म्हणजे पहिल्या युद्धाचे. अॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या मोहिमेच्या, १८६७-६८ च्या पदकावर नाव कडेला नसते, मागच्या बाजूला मधोमध असते. अफगाण पदकाच्या फितीवर 'कंदाहार' अशी पट्टी असू शकते. पट्टी नाही म्हणून पणजोबा लढाईत नव्हते असे समजू नका. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत मुंबईची पहिली ग्रेनेडियर्स आणि ३० वी या पलटणी कापल्या गेल्या, पण मैवंदसाठी वेगळी पट्टी काढलीच नाही.

घरच्या गोष्टीतल्या तीन दाव्यांना इथेच कस लावून घ्या. 'कंपनी' हा शब्द साल ठरवायला निरुपयोगी आहे. कंपनीचे राज्य १८५८ ला संपले, पण कोकणात त्यानंतर दोन पिढ्या लोक सरकारला कंपनी सरकारच म्हणत. पिढ्यांचा हिशेब जास्त भरवशाचा. एका पिढीला २५ ते ३० वर्षे धरा. तुमचा जन्म १९७५ च्या आसपासचा असेल तर खापरपणजोबांचा १८५५ ते १८७५ मध्ये कुठेतरी येतो. तेव्हा अफगाण म्हणजे १८७८-८०, आणि १८३९ शक्यच नाही. 'सुभेदार' हा दावा तपासायला सगळ्यात सोपा, म्हणून त्याच्याकडे नंतर येतो.

पलटणीचा आकडा मिळाला की तो कोणत्या सालचा आहे हे पाहावेच लागते. मुंबईच्या पलटणींचे आकडे तीनदा मोठ्या प्रमाणात बदलले. १८२४ पर्यंत एका रेजिमेंटमध्ये दोन बटालियन होत्या, त्या वेळी त्या सुट्या करून सलग आकडे दिले. पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, जी १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढली, ती १८२४ नंतर दुसरी पलटण झाली. पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन दहावी झाली. १८८५ ला 'नेटिव्ह' शब्द गेला, १८९५ ला मुंबई, मद्रास, बंगाल ही वेगवेगळी लष्करे संपून एक हिंदी लष्कर झाले, आणि १९०३ ला मुंबईच्या पायदळाच्या आकड्यात सरळ १०० मिळवले. तिसरी ती १०३ वी, पाचवी ती १०५ वी, सतरावी ती ११७ वी. १९२२ ला पुन्हा मोडतोड झाली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पाच बटालियन झाल्या, ११४ वी तिची प्रशिक्षण बटालियन झाली.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण म्हणजे कोकणातला मराठा शिपाई म्हटला की लोक डोळे मिटून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडतात. पणजोबा दुसऱ्या पलटणीत असतील तर तिचा वारसा आज ग्रेनेडियर्सकडे आहे, चौथीत असतील तर राजपुताना रायफल्सकडे. चोविसावी पलटण, जी १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानात सर ह्यू रोझच्या सैन्यात होती, ती पुढे १२४ वी बलुचिस्तान झाली आणि फाळणीत पाकिस्तानकडे गेली. सातवी, एकविसावी आणि अठ्ठाविसावी या १९०३ नंतर पायोनियर, म्हणजे रस्ते आणि खंदक करणाऱ्या, पलटणी होत्या, त्या १९३३ ला मोडल्या. महार समाजातल्या घरांची आणखी एक चूक होते. आजची महार रेजिमेंट १९४१ ला उभी राहिली, एकोणिसाव्या शतकातले महार शिपाई मुंबईच्या वेगवेगळ्या पलटणींत विखुरलेले होते. १९१७ ला १११ वी महार्स उभारली तेव्हा १११ हा आकडा मोकळा होता, कारण जुनी अकरावी आधीच मोडली होती. त्या दोघींचा आकड्यापलीकडे काही संबंध नाही. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली, म्हणून अशा घरात पेन्शनचे कागद शोधताना १८७० ते १९०० हा पट्टा आधी पाहा.

पदक नसेल तर पलटण कशी ठरवायची? छावण्यांवरून. घरातल्या कोणाचा जन्म महूला, एखादी आत्या निमचची, 'आजोबा एडनला होते' अशा तुकड्यांना किंमत आहे. शिपाई कुटुंब घेऊन राहत आणि मुले लाईनीत, म्हणजे छावणीतल्या शिपायांच्या वस्तीत, जन्मत. मुंबई लष्कराच्या छावण्या म्हणजे पुणे, खडकी, सातारा, बेळगाव, अहमदनगर, मालेगाव, राजकोट, भूज, डीसा, महू, निमच, नसिराबाद, कराची, हैदराबाद सिंध आणि १८३९ पासून एडन. पलटण दर दोन-चार वर्षांनी हलत असे. कोणत्या साली कोणती पलटण कुठे होती हे छापील आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे लष्कराच्या सरकारी यादीत, असते. दोन छावण्या आणि अंदाजे दोन साले जुळली तर यादी तीस पलटणींवरून दोन-तीनवर येते.

आता सुभेदारकी. हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर यांची नावे आर्मी लिस्टमध्ये पलटणवार छापत. १८८९ पासूनच्या इंडियन आर्मी लिस्ट आणि त्याआधीच्या मुंबईच्या बऱ्याच याद्या स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. तुमची पलटण आणि दहा वर्षांचा पट्टा घ्या, पाच-सहा अंक उलगडून पाहा. नाव असेल तर बढतीची तारीखही तिथेच मिळते. नाव कुठल्याच अंकात नसेल तर ते बहुधा सुभेदार नव्हते असे समजा. गावात पेन्शन खाणाऱ्या प्रत्येकाला 'सुभेदार' म्हणत, हवालदारालासुद्धा. यात कमीपणा नाही, पण हवालदाराचा शोध वेगळ्या कागदांत घ्यावा लागतो, कारण नाईक-हवालदाराचे नाव आर्मी लिस्टमध्ये येत नाही.

लंडनच्या कागदांबद्दल नीट सांगायला हवे, कारण पैसे तिथेच वाया जातात. सशुल्क वंशावळीच्या संकेतस्थळांवर 'सोल्जर्स पेन्शन रेकॉर्ड' म्हणून जे मोठे संग्रह दिसतात ते चेल्सीच्या पेन्शनरांचे, म्हणजे ब्रिटिश आर्मीतल्या गोऱ्यांचे. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात 'बॉम्बे मस्टर रोल', म्हणजे हजेरीपट, असे वाचून हुरूप येतो, तेही मुख्यतः युरोपियन लोकांचे आहेत. हिंदी शिपायाची स्वतंत्र सेवापुस्तिका लंडनला जमवलीच नव्हती. तिथे तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्डमधल्या पदकांच्या याद्या. पदक कोणाला दिले याची पलटणवार यादी असते, आणि कडेवरचे अर्धवट अक्षर त्या यादीवरून पुरे करता येते. दुसरी, मुंबई लष्कराच्या जनरल ऑर्डर्सचे, म्हणजे लष्करी हुकमांचे, छापील खंड. तिसरी, 'ऑर्डर ऑफ मेरिट'चे कागद. हा शौर्याचा सन्मान १८३७ ला सुरू झाला, आणि तो मिळालेल्या शिपायाच्या पराक्रमाची दोन-चार ओळींची हकिगत हुकमात असते.

खरा माल मात्र इथेच आहे, आणि तो पेन्शनचा आहे. शिपायाबद्दल सरकार बारकाईने लिहीत असे ते त्याला पैसे द्यायची वेळ आली की. शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता, १८९५ ला तो ९ झाला. पेन्शन त्याहून कमी, पण ती माणूस मरेपर्यंत चालायची. एक मेला की दुसराच त्याच्या नावाने पैसे उचलतो हा धोका असल्याने पेन्शनरची ओळख पटवण्यासाठी हुलिया लिहून ठेवत. त्यात नाव, बापाचे नाव, जात, गाव, परगणा, जिल्हा, भरतीची तारीख, वय, उंची फूट-इंचात, आणि अंगावरच्या खुणा असत. एक नमुना रचून दाखवतो: 'रामजी वल्द धोंडजी, मराठा, गाव अमुक, परगणा सुवर्णदुर्ग, जिल्हा रत्नागिरी, उंची ५ फूट ५ इंच, तोंडावर देवीचे वण, डाव्या दंडावर गोंदण, उजव्या गुडघ्याखाली जखमेची खूण'. वंशावळीतल्या माणसाचा इतका जवळून चेहरा दुसऱ्या कुठल्या कागदात मिळत नाही. तुमच्या वंशावळीशी जुळवायला मात्र त्यातली बापाचे नाव आणि गाव ही दोनच घरे कामाची. वयावर विसंबू नका. भरतीच्या वेळचे वय अंदाजे लिहिलेले असते, आणि पेन्शनच्या वेळचे वय त्यात नोकरीची वर्षे मिळवून काढलेले असते, म्हणजे आधीची चूक पुढे चालूच राहते.

शिपाई पेन्शनीत निघायचा तो बहुधा इनव्हॅलिडिंग कमिटीसमोर उभा राहून. डॉक्टर आणि अधिकारी तपासून 'नोकरीस नालायक' ठरवत, मग नाव पेन्शन एस्टॅब्लिशमेंटवर चढे. त्याचा हुकूम जनरल ऑर्डर्समध्ये येतो, विशेषतः हिंदी अधिकाऱ्यांचा. लढाईत मेलेल्याच्या बायकोला किंवा आईला फॅमिली पेन्शन मिळे, आणि त्या अर्जांत कुटुंबाची माहिती शिपायाच्या स्वतःच्या कागदापेक्षा जास्त असते, कारण वारस कोण हे ठरवायचे असते. पणजोबांचा भाऊ किंवा चुलता मैवंदला मेला असेल तर त्याच्या फॅमिली पेन्शनचा कागद तुमच्या सगळ्या घराची वंशावळ देऊ शकतो. म्हणून सरळ रेषेतल्या एकाच माणसामागे लागू नका, भाऊबंद सगळे शोधा.

हे कागद कुठे? मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालय आहे. तिथे मुंबई सरकारच्या मिलिटरी डिपार्टमेंटचे खंड आहेत. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज लागतो. थेट खंड मागू नका. आधी त्या सालची सूची मागा आणि तिच्यात 'पेन्शन', 'इनव्हॅलिड', 'नेटिव्ह ऑफिसर', 'फॅमिली पेन्शन', 'हेअर्स' (वारस) या मथळ्यांखाली पाहा. व्यक्तीचे नाव सूचीत येईलच असे नाही, पलटणीच्या आकड्याने विषय सापडतो. कागद ठिसूळ झाला असेल तर खंड मिळत नाही, म्हणून मागणीपत्रात लागोपाठच्या दोन-तीन सालांचे खंड लिहा. १८९५ नंतरचा व्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा लागतो. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सूची घरबसल्या पाहता येते, काही फायली स्कॅनही आहेत. पुण्याचे पेशवे दफ्तर १८१८ च्या आधीच्या माणसासाठी. तुमचे पूर्वज आंग्र्यांच्या आरमारात किंवा पेशव्यांच्या शिबंदीत असते तर तिकडे, या प्रश्नात तिकडे जायचे कारण नाही.

दापोलीचे नाव तुमच्या घरात आले हे बरोबर जुळते. १८१८ नंतर दक्षिण कोकणातली इंग्रजांची छावणी दापोलीला पडली, तिथे पुढे व्हेटरन, म्हणजे जुन्या शिपायांची, बटालियन होती, आणि खेड, मंडणगड, महाडकडचे पेन्शनर तिथे स्थायिक झाले. समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकर तिथलेच पेन्शनर, आणि बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीला होते. पण 'दापोलीला पेन्शन आणायला जायचे' यावरून गाव दापोली तालुक्यात असे कागदात शोधू नका.

गावाची नावे ही कोकणातल्या शोधाची सगळ्यात मोठी अडचण. जुन्या हुलियात खेड-दापोलीकडचा भाग 'सेव्हर्नड्रूग' म्हणजे सुवर्णदुर्ग तालुका, चिपळूण-गुहागरकडचा 'अंजनवेल' आणि देवगडकडचा 'विझियाड्रूग' असा येतो. महाड आधी रत्नागिरी जिल्ह्यात होते, कुलाब्यात नंतर गेले. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने, म्हणून तिथला माणूस रत्नागिरी जिल्ह्याच्या यादीत नसतो. सिंधुदुर्ग तर १९८१ चा. त्यात एका नावाची गावे अनेक. शिरगाव देवगडात आहे, चिपळुणात आहे आणि रत्नागिरीजवळही आहे. परगणा न पाहता गाव जुळवले तर दुसऱ्याच घराचा पूर्वज आपल्या वंशावळीत येऊन बसतो, आणि एकदा बसला की भाऊबंद त्याला हलू देत नाहीत. १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर आणि १८८३ चे कुलाबा-जंजिरा गॅझेटियर उघडून जुने तालुके ताडून पाहा.

नावांचे इंग्रजी स्पेलिंग कानावर लिहिलेले असते. लक्ष्मणचे 'लक्झिमन', सखारामचे 'सक्काराम', कदमचे 'कुड्डम', जाधवचे 'जाडो', सावंतचे 'सावंट'. महार शिपायांची नावे 'नाक'ने संपतात आणि जातीच्या रकान्यात 'परवारी' असते, बेने इस्राएल शिपायांच्या नावापुढे 'इस्राएल'. कोकणातला मराठा 'मराठा', उत्तरेकडचा 'परदेशी'. शोधायला बसण्याआधी आपल्या नावाची आठ-दहा रूपे वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक सूचीत सगळी पाहा. आडनाव सापडले नाही म्हणून थांबू नका. त्या काळच्या कागदात नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यानेच माणूस ओळखला जाई.

लष्करी कागदातला माणूस आपलाच, हे सिद्ध होते गावच्या कागदात. रत्नागिरी जिल्ह्यात खोती गावांसाठी १८८० च्या कायद्याखाली कुळांची नावे आणि त्यांनी खोताला द्यायचा खंड लिहिलेले बोटखत नावाचे रजिस्टर आहे. पेन्शनरने गावी परतून जमीन घेतली किंवा कसली असेल तर बापाच्या नावासह तो तिथे दिसायला हवा. त्यानंतर जुने फेरफार आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही रजिस्टरे मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमची जात कोणतीही असो, त्या पानांवर गावातल्या सगळ्यांच्या नोंदी असतात. लिपी मोडी असेल तर आख्खे रजिस्टर वाचून घेऊ नका. मृत्यूचे साल पेन्शनच्या कागदावरून ठरवा आणि त्या सालची पाचसात पानेच मोडी जाणणाऱ्याला द्या. पेन्शनर मेल्यावर थकबाकीसाठी वारसाने १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली कोर्टातून वारस दाखला काढलेला असू शकतो. त्याची नक्कल बहुतेकदा कोर्टात मिळत नाही, घरातल्या जमिनीच्या कागदांच्या रुमालात मिळते. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावाचे नाव सांगून चौकशी करा. पेन्शनर यात्रेला गेला असेल तर भावांची आणि मुलांची नावे तिथे असतात.

पदक वाचून झाले आणि पलटण कळली की पहिला अर्ज मुंबईच्या पुराभिलेखाला करा. त्यात कुटुंबाची हकिगत लिहू नका. पलटणीचा त्या वेळचा आकडा, नाव दोन-तीन स्पेलिंगसह, बापाचे नाव, गाव आणि जुना परगणा, आणि पेन्शनचा दहा वर्षांपेक्षा मोठा नसलेला पट्टा एवढेच द्या. तुमच्या बाबतीत हा पट्टा १८८० ते १८९० पासून धरा. माणूस लढाईतून जखमी होऊन आला असेल तर लवकर निघाला असेल, आणि तिथे नाही मिळाला तर पुढची दहा वर्षे घ्या.